उभे पेले

धूळ दिसली की काकूंचे हात शिवशिवायला लागत. मठाच्या स्वयंपाकघरात त्या आल्या त्याला फार काळ झाला नव्हता, पण तेवढ्यात त्यांनी खिडक्यांच्या गजांपासून देवळातल्या बाकांपर्यंत सगळं घासून काढलं होतं. राहिली होती फक्त जेवणघरातली वरची फळी. ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, आणि तिच्यावर लाकडी पेल्यांची लांबलचक ओळ. फळी पुसायचं काम मठातल्या म्हाताऱ्या घंटाब्रदरांचं होतं. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी शिडीला साफ नकार दिला, म्हणून काकू पदर खोचून वर चढल्या.

बरेचसे पेले पालथे होते. मधले काही मात्र उभे, आणि त्यांच्यात बोटभर धूळ साचलेली. ज्या बाईच्या घरात चमचासुद्धा तोंड वर करून झोपत नाही, ती दुसरं काय करणार? काकूंनी सगळे पेले खाली आणले, गरम पाण्याने धुतले, उन्हात वाळवले आणि एकजात पालथे मांडले. मग खाली उतरून कमरेवर हात ठेवून त्यांनी ओळ पाहिली. अंगावर मूठभर मांस चढलं.

दुपारी थोरले फादर जेवायला आले, त्यांनी वर पाहिलं आणि बाकावर बसकण मारली. मठात आता दोघेच उरले होते. थोरले फादर, आणि आयुष्यभर घंटा वाजवून कान गमावलेले घंटाब्रदर. ब्रदरांशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एकट्या फादरांनाच ते जमायचं. डाव्या कानाशी तोंड नेऊन, त्यांच्या मनगटावर बोटं टेकवून ते हळू बोलत आणि ब्रदरांना सगळं कळे. बाकी जग ओरडून थकायचं.

"काकू, उभे कोणते होते?" फादरांनी विचारलं.

काकूंना काही आठवेना. धुताना कोण लक्षात ठेवतो? फादरांनी ब्रदरांना विचारून पाहिलं, तर त्यांनाही नक्की सांगता येईना.

मग फादरांनी सांगितलं. इथे येणारा प्रत्येक जण पहिल्या वर्षी आपला पेला आपल्या हाताने कोरतो आणि तळाला एक खूण करतो. कुणी पान काढतं, कुणी मासा, कुणी नुसती रेघ. तो गेला की महिनाभर त्याच्या जागी ताट वाढायचं, पेला उभा ठेवायचा, आणि ताट दारात येईल त्या भुकेल्याला द्यायचं. महिना भरला की पेला पालथा. खूण वर येते, माणूस सुटला. आणि एकही पेला उभा असेपर्यंत घर मोडायचं नाही. ना कुणी राहायला दुसरीकडे जायचं, ना दाराला कुलूप लावायचं.

उभ्या पेल्यांची गोष्ट मात्र वेगळी होती. खूप पूर्वी सरकारने साधूंना हाकलून मठात पलटण ठेवली होती. याच जेवणघरात घोडे बांधले होते. फरशीवरचे खळगे काकू रोज घासत, ते टापांचे. पलटण गेल्यावर शाळा भरली, म्हणून तर एका भिंतीला अजून काळा रंग आहे. पेले तेवढे एका बेकरीवाल्याने पिठाच्या कोठीत लपवून ठेवले आणि साधू परत आल्यावर त्याच्या नातवाने पोतं आणून दिलं. पण जे वाटेत, परक्या गावी, कुणाच्या तरी गोठ्यात मेले, त्यांचं ताट कुणी वाढलं नाही. त्यांचे पेले उभेच राहिले. पुढे आलेले लोक आपल्याच मयतांत गुंतले, आणि उद्या करू म्हणत ते राहून गेलं.

काकू रडायला लागल्या. रडता रडता म्हणाल्या की त्यांचा नवराही असाच परगावी कामावर गेला, तिकडेच वारला, आणि त्याच्या नावाने कुणी घासभर वाढलं असेल का हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही. फादर उठून ब्रदरांच्या कानाशी गेले, मनगटावर बोटं टेकवून काहीतरी बोलले. ब्रदर खो खो हसले.

"मी त्यांना सांगितलं," फादर म्हणाले, "आता सगळ्यांचीच ताटं वाढावी लागणार. दोनदा जेवायला घातलं म्हणून कुठला मेलेला रागावत नाही."

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ आले. सगळे मठ त्यांच्या देखरेखीखाली. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. चप्पलसुद्धा भिंतीला समांतर काढायचा. ओसरीतून हिंडून त्यांनी रिकाम्या खोल्या पाहिल्या, गळकं छप्पर पाहिलं, आणि दोन म्हाताऱ्यांसाठी एवढी रिकामी इमारत ठेवता येणार नाही, असं शांतपणे सांगितलं. फादरांची सोय डोंगरावरच्या मठात होईल, ब्रदरांची इस्पितळाजवळच्या घरात. काकूंच्या मनात पहिल्यांदा आलं ते स्वतःच्या फाटकाजवळच्या खोलीचं, नाही कशाला म्हणा. पण लगेच त्यांनी ब्रदरांकडे पाहिलं. ते सगळ्यांकडे बघून हसत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. तिकडे त्यांच्या मनगटावर बोटं कोण टेकवणार?

फादरांनी वाद घातला नाही. फक्त फळीकडे बोट दाखवलं आणि काय घडलं ते सांगितलं. काकूंनी रातोरात सगळे पेले पुन्हा उभे करून ठेवले होते. एकेका पेल्याचा एक महिना धरला, तर वरिष्ठांच्या नातवंडांनाही, त्यांना ती असती तर, शेवट दिसला नसता. हे वरिष्ठांच्याही ध्यानात आलं. पण तेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"सगळी ताटं एकदम वाढा," ते म्हणाले. "एका महिन्यात सगळे मोकळे. मग मी येतो."

ते गेल्यावर काकूंनी डोक्याला हात लावला. एवढी ताटं वाढायची म्हणजे एवढी माणसं हवीत. मठाच्या दारात तर दिवसाकाठी एखादा भिकारी आणि एक मांजर यायचं. त्यांनी आपल्या भाचीला गाठलं. ती इस्पितळात नर्स, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. मावशी, मेलेल्यांचं जेवायला कोण येईल, असं ती आधी म्हणाली. दुसऱ्या दिवशी रोग्यांच्या चार नातेवाइकांना घेऊन आली. बिचारे पायऱ्यांवर बसून बिस्किटांवर दिवस काढत होते. मग रस्ता खोदणारे मजूर आले, एकटा राहणारा घड्याळजी आला, कामावरून सुटलेल्या शिलाईवाल्या आल्या. काकूंनी मोठी पातेली बाहेर काढली. मळ्यातले बटाटे होते, वाल होता, पाव बेकरीतून येई. पुढे पुढे येणारे रिकाम्या हाताने येईनात. कुणी कांदे आणले, कुणी लाकडं. घड्याळजीने बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ चालू केलं. मजुरांतल्या एका गवंड्याने शिड्या मागितल्या आणि एका रविवारी छप्पर गळायचं थांबलं.

प्रत्येकाला बसताना एक पेला मिळे. हा कुणाचा, असं विचारलं की काकू सांगत, नाव ठाऊक नाही, पण तळाला पान आहे, त्याच्यासाठी जेवा. लोक आपला पेला ओळखायला लागले. एका मजुराने तर माशाच्या पेल्यावरून भांडण काढलं. ब्रदर ओळीतून फिरत, कुणाच्याही पाठीवर थाप मारत, आणि लोक त्यांच्या मनगटाला हात लावून बोलायला शिकले. कुणाला जमायचं, कुणाला नाही. एका शिलाईवालीला पहिल्याच दिवशी जमलं. काकूंना मात्र रोज वाढताना एकच हिशेब दिसायचा. महिना सरत होता.

शेवटच्या दिवशी जेवणं झाली आणि प्रत्येकाने आपला पेला स्वतः धुऊन फळीवर पालथा घातला. पानं, मासे, रेघा, सगळ्या खुणा वर आल्या. काकूंनी एक पेला मुद्दाम मागे ठेवला होता. त्याच्या तळाला काहीच नव्हतं, खूण करायच्या आधीच मालक गेला असावा. त्या पेल्याचं ताट त्यांनी महिनाभर आपल्या नवऱ्याच्या नावाने दारात दिलं होतं. तो पालथा घालताना त्यांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग त्या खोलीत गेल्या आणि ट्रंक भरायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरिष्ठ कुलूप घेऊनच आले. काकू त्यांच्या मागोमाग जेवणघरात शिरल्या आणि थबकल्या. वरच्या फळीवर सगळे पेले पालथेच होते. पण खाली, खिडकीच्या कट्ट्यावर, बाकांवर, टेबलाच्या कडेने दुसरेच पेले उभे होते. स्टीलचे, काचेचे, कान तुटलेले कप, एक प्लॅस्टिकचा हिरवा ग्लास, घड्याळजीचा झाकणाचा मग. लोक भिंतीला टेकून उभे होते. सकाळी घंटा वाजताच ते आले होते. फादरांनी त्यांना बोलावलेलं नव्हतं. एवढंच की, एका मजुराने नियम विचारला होता आणि फादरांनी तो सांगितला होता.

वरिष्ठांनी ओळीवरून नजर फिरवली. "हे मेलेल्यांचे नाहीत."

"नाहीत," फादर म्हणाले. "पण उभे आहेत."

"हा नियम मेलेल्यांसाठी आहे."

तेव्हा काकूंना राहवेना. वरिष्ठांसमोर त्या आजवर चार शब्द बोलल्या नव्हत्या. "फादर, ज्यांची ताटं तेव्हा राहून गेली ना, ते जिवंत होते तेव्हाही त्यांना कुणी वाढलं नव्हतं," त्या वरिष्ठांना म्हणाल्या. "म्हणून तर ते गोठ्यात मेले."

वरिष्ठ बाकावर बसले. तेवढ्यात ब्रदर आले, आपल्या रोजच्या हसऱ्या चेहऱ्याने, आणि शिलाईवालीने त्यांच्या मनगटावर बोटं टेकवून त्यांना काय चाललंय ते सांगितलं. वरिष्ठ ते पाहत होते. नियमाच्या माणसाला नियम तोडणं जमत नाही, पण पाळण्याची वाट सापडली की तो सुटकेचा निःश्वास टाकतो. त्यांनी कुलूप पिशवीत परत ठेवलं, आणि त्याच पिशवीतून प्रवासातला आपला थर्मास काढला. त्याचं झाकण म्हणजेच पेला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, इतरांच्या ओळीला अगदी समांतर.

"रिकामं घर ठेवता येत नाही, असं मी म्हटलं होतं," ते म्हणाले. "हे रिकामं नाही, असं कळवतो. आज काय आहे, काकू?"

वाल होता. काकूंनी त्यांना दोनदा वाढला.

सगळे गेल्यावर त्या एकट्या जेवणघरात आल्या. उघडे पेले रात्रभर तसेच राहणार, आणि छपराचं काम अजून पुरतं संपलेलं नव्हतं, वरून माती झरत होती. हात शिवशिवले. खोलीत जाऊन त्यांनी भरलेल्या ट्रंकेतून आपली धुतलेली लुगडी बाहेर काढली आणि पेल्यांच्या ओळींवर एकेक अलगद पसरली. एकही पेला त्यांनी हलवला नाही.