विहिरीवरची पाठमोरी बाई

शहाण्णव सालचा पावसाळा सरला आणि नंदाखालला बर्थाबायच्या वाडीत सिनेमाचं शूटिंग झालं. वाडी म्हणजे दाट केळी, थोडे माड आणि मधोमध कौलारू घर. नवरा फ्रेडरिक जाऊन सहा वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा युजीन मस्कतला होता. केळींना पाणी लावायला रंभा यायची, पण तीही दुपारी घरी जायची. त्यामुळे गाडीभर माणसं दारात उतरली आणि त्यांतल्या एका चष्मेवाल्या तरुणाने चार दिवस घर वापरू द्याल का असं विचारलं, तेव्हा बर्थाबायने पुढचं काहीएक न विचारता हो म्हटलं.

तो विघ्नेश, दिग्दर्शकाचा सहाय्यक, राहायला विरारला. त्याने तिला समजावून सांगितलं की पिक्चर खुनाचं आहे आणि त्याची फक्त सुरुवात इथे घ्यायची आहे. एक बाई एकटी राहते, रात्री विहिरीवर पाण्याला जाते आणि कुणीतरी तिला बघत असतं. कोण बघत असतं, असं बर्थाबायने विचारलं.

"तेच दाखवायचं नाही, मावशी," विघ्नेश म्हणाला. "माणूस दिसला की भीती संपली. लोकांना एवढंच कळलं पाहिजे की कुणीतरी आहे, आणि तिला ते माहीत नाही."

मग ते कसं करतात तेही तिने पाहिलं. कॅमेरा केळींच्या आत, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावला. एकजण फाटकं पान भिंगापुढे धरून हळूहळू हलवत बसला, म्हणजे लपून बघणाऱ्याचे डोळेच तिथे आहेत असं वाटावं. रात्र तर भर दुपारी तीन वाजता केली, भिंगावर निळी काच चढवून. कानाला हेडफोन लावलेला एकजण नुसता विहिरीच्या कप्पीचा करकराट टिपत अर्धा तास उभा होता. बर्थाबाय तेलाची बुधली घेऊन आली तर त्याने तिला हात जोडले.

चौदा माणसांचा भात आणि माशांचं कालवण करायला तिने माळ्यावरची मोठी पातेली काढली. कुणाला तिखट लागायचं, कुणी तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. चार दिवस ती दुपारची आडवी झाली नाही.

तिसऱ्या दिवशी नटीच्या तळहाताला दोर काचला. बादली अर्ध्यावर येऊन परत पाण्यात जायची. दिग्दर्शकाने इकडे तिकडे पाहिलं आणि बर्थाबायला नटीची साडी नेसवायला सांगितलं. चेहरा दिसणार नव्हता, फक्त पाठ, अंबाडा आणि दोर ओढणारे हात. विघ्नेशने एकच गोष्ट बजावली, की काही ऐकू आलं तरी मागे बघायचं नाही.

ती मागच्या दारातून निघाली. पाठीमागे सुकी पानं वाजू लागली. कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस तिच्या पावलावर पाऊल टाकत येत होता हे तिला ठाऊक होतं. पण सहा वर्षांत या वाटेवर तिच्या मागून कुणी चाललं नव्हतं. भीती नाही वाटली. वळून बघावंसं मात्र इतकं वाटलं की मान दुखायला लागली. तेच चालणं चार वेळा केलं. पाचव्यांदा सांगितलं असतं तरी ती गेली असती.

माणसं गेली. पातेली माळ्यावर गेली. पिक्चर लागलं की कळवतो म्हणालेल्या विघ्नेशचं पुढे काही कळलं नाही. सव्वा वर्षाने आगाशीच्या बाजारात भिंतीवर पोस्टर दिसलं, विघ्नेशने सांगितलेलं नाव तेच होतं. दुसऱ्या दिवशी रविवारी चर्चमध्ये मिस्सेला नेसायची साडी नेसून बर्थाबाय एस.टी.ने वसईला गेली आणि दुपारच्या खेळाला एकटी जाऊन बसली.

पडद्यावर आधी नुसता अंधार होता. मग कप्पी करकरली. हलणाऱ्या पानाआडून एक दार दिसलं, दार उघडलं आणि एक पाठमोरी बाई चालू लागली. ते ऊन होतं, ती काच होती, ते पान कुणी धरलं होतं, सगळं बर्थाबायला माहीत होतं. तरी तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. बाई एवढीशी दिसत होती आणि सभोवार केळीच केळी. मी अशी दिसते रोज? कप्पी थांबली. संगीत नाही, काही नाही, फक्त पानांवर पावलं. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मागच्या रांगेतली एक बाई हलकेच बोलली, "अगं, मागे बघ ना."

आणखी कुठून तरी कुणी म्हणालं, आत जा. बर्थाबायने खुर्चीचे हात घट्ट धरले. अंधारात बसलेली ही सगळी अनोळखी माणसं तिच्या पाठीकडे बघत होती आणि तिला काही होऊ नये म्हणून श्वास रोखून होती. पडद्यावरची बाई वळली, तो चेहरा नटीचा होता. किंकाळी, आणि पिक्चरचं नाव आलं.

मध्यंतरात तिने धीर करून मागच्या बाईला सांगितलं, की विहिरीवरची मी होते. बाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या अंबाड्याकडे.

"भीती नाही वाटली तुम्हाला?"

"तेव्हा नाही. तेव्हा चौदा माणसं होती."

बाई कसनुसं हसली आणि पर्स चाळू लागली. बर्थाबायलाही ओशाळल्यासारखं झालं आणि ती मध्यंतरातूनच घरी निघून आली.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. नाव आलं की उठायची. तिकिटं फाडणाऱ्या श्रीपतला आधी वाटलं म्हातारीला बरं नसेल. मग तो दार उघडून धरायला लागला. कधी लोक बोलायचे, कधी नुसते गप्प व्हायचे. एकदा कुणी हसलंही, त्या दिवशी ती एस.टी.त खिन्न बसली. युजीनचा फोन आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो काळजीत पडला, वाडी विकून स्टेशनजवळ फ्लॅट घेऊ म्हणाला. तिने विषय बदलला.

शुक्रवारी पोस्टर दुसरं होतं. पिक्चर उतरलं, असं श्रीपतने सांगितलं. नवंही बघा, असंही म्हणाला. ती पायरीवरूनच परतली.

रंभा त्या दिवशी गुरांसाठी घास कापायला उशिरापर्यंत थांबली होती. बर्थाबायने चहा केला आणि पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं, पान, काच, पावलं, लोकांचं बोलणं. रंभा विळा बाजूला ठेवून ऐकत राहिली.

"मग तिला मारलं कोणी?" तिने विचारलं.

"ते मी बघितलंच नाही," बर्थाबाय म्हणाली.

रंभा वैतागली. सहा वेळा जाऊन हेसुद्धा विचारून आली नाहीस, असं म्हणत तिने कप विसळला आणि उजेड आहे तोवर घास बांधायला गेली.