ठकी कुठवर आली?

“ठकी कुठवर आली गं?” अंघोळ उरकून, कपाळाला गंध लावून पद्माकर टेबलाशी आले आणि त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

प्रणिताने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “आली की बाबा! कुंपण ओलांडलं तिने. ही बघा, डोंगराकडे निघाली.”

बोलून झाल्यावर तिने चहात उगाच चमचा फिरवला. धडधडीत खोटं बोलली होती ती. ठकी मरून चार दिवस झाले होते.

ठकी म्हणजे अमेरिकेतल्या वायोमिंगच्या उंच पठारावरची प्रॉन्गहॉर्नची मादी. दिसायला हरणासारखी, पण हरीण नव्हे. तिच्या कुळात तिची एकच जात जगात उरलेली. हिवाळा सरला की हे कळप करड्या झुडपांच्या माळावरून चालत चालत उन्हाळी कुरणांकडे जातात. ठकीच्या गळ्यात पट्टा होता. त्यामुळे ती कुठे पोचली ते उपग्रहावरून कळायचं, आणि इकडे सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या एका संस्थेत बसून प्रणिता त्या वाटांचा अभ्यास करायची. तिने स्वतः आयुष्यात एकही प्रॉन्गहॉर्न पाहिलेलं नव्हतं! तिच्या लेखी तो एक नंबर होता. ठकी हे नाव बाबांनी ठेवलेलं.

आणि ते नाव ठेवलं म्हणून तर माणूस माणसांत आला होता. श्रावणात प्रणिताची आई, शैलाताई, गेल्या. जानेवारीत प्रणिताने वडिलांना बुकित पंजांगच्या आपल्या फ्लॅटवर आणलं, तर हे आपले खिडकीशी बसून समोरून जाणारी एलआरटी रेल्वे बघत राहायचे. जेवता का? हं. झोपता का? हं. पुढे काही नाही. नातीने गळ्यात हात टाकले तरी तेच. एक दिवस लेकीच्या खुर्चीमागून जाताना मात्र ते थबकले. “हा ठिपका कसला गं सरकतोय?”

बाबा जन्मभर फलटणच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाडी कुठवर आली, हा त्यांचा श्वासच होता म्हणा ना. शर्टाचं वरचं बटण लावायचं आणि मग माइक हातात घ्यायचा, हा शिरस्ता. तर तो ठिपका दिसला आणि त्या रात्री ते आपण होऊन म्हणाले, “अजून एक पोळी वाढ.” प्रणिताने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

मग काय, रोज चौकशी. “वाऱ्यासारखं पळणारं जनावर आणि एवढ्याशा तारेपुढे अडतं? उडी मारायला काय धाड भरलीय?”

“मोकळ्या माळावरची जात आहे ना, बाबा. उडी मारायचं तिच्या डोक्यातच येत नाही. खालच्या तारेखालून सरपटत जातात. तार जमिनीलगत असली की संपलं.”

“म्हणजे पळण्यात हुशार, पण अडचणीत भोळी. तुझ्या आईसारखी,” असं म्हणून ते हसले होते. कित्येक महिन्यांनी हसले होते.

आणि नेमकी ठकीच कुंपणाशी अडली. अवेळी बर्फ पडलं. बिचारी तारेच्या कडेकडेने फट शोधत फिरली, आणि मग ठिपका थांबला तो थांबलाच. हे कळलं तर बाबा पुन्हा खिडकीशी जाऊन बसतील, या एका भीतीने प्रणिताने नकाशाची एक प्रत केली, खास बाबांपुरती. त्यांची अंघोळ होईपर्यंत ती रोज आपल्या हाताने ठिपका पुढे सरकवायची.

आता बाबा पडद्याकडे बराच वेळ बघत होते. “इथूनच गेली म्हणतेस?”

“हो.”

“इथं तर खालची तार जमिनीला टेकलीय म्हणाली होतीस. मग उडी मारली होय गं तिने?”

प्रणिताचा चेहरा खर्रकन उतरला.

“कधी गेली?” त्यांनी हळूच विचारलं.

“मंगळवारी.”

“वाटलंच मला. बुधवारपासून तू माझ्याआधी उठायला लागलीस.”

“मग रोज विचारत कशाला होतात?”

“तू इतक्या मायेनं सांगत होतीस, पोरी. तुझं मन मोडवेना.”

आता मात्र तिला रडू आवरेना. आणि रडता रडता आतलं सगळं बाहेर आलं. “आईच्या आजारपणात तुम्हीही असंच केलंत! मी रोज फोन करायचे. कधी म्हणे देवळात गेलीय, कधी म्हणे आत्ताच डोळा लागलाय. का, तर माझा इंटरव्ह्यू! खड्ड्यात गेला तो इंटरव्ह्यू. मी आले असते ना हो, बाबा!”

पद्माकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“स्टँडवर रद्द झालेली गाडी मी रद्द म्हणूनच सांगितली. माणसं शिव्या देतात, पण उठून दुसरी वाट तरी धरतात. तुला मात्र मी बाकावर बसवून ठेवलं. तुझी आई शेवटी विचारत होती, ‘पनू कुठवर आली?’ मी म्हणालो, निघालीय.”

प्रणिताने त्यांचा हात घट्ट धरला. चहावर साय धरली, तरी कुणी पेल्याला हात लावला नाही.

इतक्यात सात वर्षांची इशिता डोळे चोळत बाहेर आली. “आजोबा, ठकी हाउ फार आह? क्रॉस्ड ऑलरेडी, राइट?”

“हो गं, ती ना...” प्रणिता सवयीने बोलून गेली.

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि शेजारची खुर्ची ओढली. “ये, बस इथं. ठकी मेली, बाळा. तिला कुंपणापलीकडे जाता आलं नाही.”

इशिताने आधी आईकडे बघितलं, मग आजोबांकडे. “व्हेअर?”

प्रणिताने खरा नकाशा उघडला. बाबांनी नातीचं बोट धरलं आणि कुंपणाच्या अलीकडच्या ठिपक्यावर ठेवलं.

“इथवर आली होती.”