एक लाकडी पेटी, कुलूपबंद

साहेब, जनकाबाईचा सूर तुम्ही कोंडून ठेवला आहे. तुमच्या तालुका आरोग्य कार्यालयात, फायलींच्या कपाटाखाली, लाखेचं सील मारून. नाही म्हणू नका. मी डोळ्यांनी पाहून आलो.

मी नागसेन, धामणगाव बढेचा पेंटर. शाळा सातवीपर्यंत; बाकीचं लिहिणं दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता शिकलो. आमचे डॉक्टर धम्मरत्न होमिओपॅथीचे, रीतसर नोंदणीचे. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देतात, पण त्याआधी अर्धा तास विचारत बसतात. तहान किती लागते? कोणत्या कुशीवर झोपता? स्वप्नं कसली पडतात? जनकाबाई दम्यासाठी पहिल्यांदा गेली तेव्हा वैतागली.

"डाक्टर, मले दमा हाय. तुमी मायी सोयरीक जुळवून राह्यले काय?"

डॉक्टर पोट धरून हसले. "सरकारी दवाखान्यातला पंप सोडायचा नाही, आजी. अन् रविवारी गाण्याले यायचं."

ती आली ती आलीच. रविवारी दवाखान्याची बाकडी भिंतीला लागतात. डॉक्टर पेटीवर, शेतकरी शालिग्रामभाऊ ढोलकीवर, वस्तीतल्या बाया कोरसला आणि पुढे पंचाहत्तरीची जनकाबाई. तिला ऐकू फार कमी येतं. ती पेटीच्या लाकडावर तळवा ठेवते, आतली थरथर हाताला लागली की आवाज सोडते. असा सोडते की बाहेर रस्त्यावरची मोटरसायकल थांबते. डॉक्टर ही मंडळी घेऊन पार जानेफळपर्यंत गेलेत. बुद्धगीतं, भीमगीतं, पेरणीची गाणी, बोलावतील तिथे.

एवढ्या मोठ्या माणसाची कुणी दखल घेऊ नये याचा मला राग आला. मी तुमच्याकडे अर्ज केला, सुंदर अक्षरात: "डॉक्टर पेटी घेऊन गावोगाव फिरतात. लोकांना आराम पडतो. फी घेत नाहीत. तरी दखल घ्यावी."

तुम्ही घेतली. जीप आली. डॉक्टर पेटीवाले फिरते वैदू ठरले. कोपऱ्यात हार्मोनियमची पेटी होती, तिच्या लाकडी खोक्यात. डॉक्टर किल्ली पुढे करून म्हणत होते, "साहेब, उघडून दाखवतो, वाजवायची पेटी आहे." तुमचे अधिकारी म्हणाले, तज्ज्ञासमोरच उघडू. शिपायाने खोकं उचललं तर आतून लांबलचक सूर निघाला. शिपाई दोन हात मागे सरला.

"साहेब, आतमंदी कोनीतरी हाय!"

तरी पंचनाम्यात लिहिलं: एक लाकडी पेटी, कुलूपबंद, आत औषधे असावीत.

तक्रार कुणी केली, हे डॉक्टरांनी कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "टपालाची चूक झाली." मी रोज त्या तक्रारखोराला शिव्या द्यायचो आणि ते मान खाली घालून गोळ्या पुडीत बांधायचे. मग मी तुमच्या कार्यालयात भांडायला आलो. बाबूने फाईल उघडून कागद समोर धरला. अक्षर माझं होतं. "पेटी" हा शब्द तर मी जरा सजवूनच काढला होता.

परत येऊन डॉक्टरांपुढे उभा राहिलो.

"तुमाले ठाऊक होतं?"

"जीपवाल्यायनं कागद दाखवला होता. अक्षर पाह्यलं की कळते बे. दवाखान्याची पाटी कोनं रंगवली?" मग हळूच म्हणाले, "चांगलंच लिहिलं होतं तुवा. मी दोनदा वाचलं."

मधे शालिग्रामभाऊ नांदुऱ्याहून दुसरी पेटी घेऊन आला. जनकाबाईने तळवा ठेवला, डोळे मिटले, हात काढून घेतला.

"हे दुसऱ्याचं लेकरू हाय. मायाशी बोलत नाही."

तीन रविवार झाले, ती येते, बसते, गात नाही. तिच्यासमोर मी कबुली दिली, कानाशी ओरडून ओरडून. सगळ्या बाया ऐकत होत्या. ती म्हणाली, "काऊन रडतं? हात मोडला काय? पुन्हा लिही. अन् या खेपेले नीट लिही."

म्हणून नीट लिहितो. पेटी म्हणजे हार्मोनियम. तिच्यात औषध नाही. तपासणीला तज्ज्ञ हवा असेल तर जनकाबाईला घेऊन येतो. ती नुसता हात ठेवून सांगेल. बुद्धपौर्णिमेला आठ दिवस राहिलेत, आणि पहिलं गाणं दरसाल तीच उचलते.

पेटी कोणत्या तारखेला देता? लेखी उत्तर द्या. आणि उत्तरात "पेटी" लिहाल तेव्हा कोणती, तेही लिहा.