परक्या वेळेचे घड्याळ

मित्रांनो, आमच्या घरातल्या भिंतीवर दोन घड्याळे शेजारी शेजारी दिसतात. त्यातले नवे, लाल चौकटीचे, ते ह्या घरची वेळ सांगते. दुसरे पिवळट तबकडीचे, काचेवर ओरखडा असलेले, तो मी. मी सांगतो ती वेळ दूर पूर्वेकडच्या एका देशाची आहे. म्हणून मला ह्या घरात ‘पाहुणा’ म्हणतात. इतकी वर्षे राहूनही पाहुणाच!

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका बाईने तबकडीवरची धूळ फुंकून उडवली आणि माझे काटे बसवले. देवाने माणसाला वाचा दिली, तशी त्या बाईने मला चाल दिली. मला वाचा मात्र मिळाली नाही, आणि पुढे जे घडले त्यात हीच माझी अडचण झाली.

मला विकत घेतले आप्पांनी. आप्पा गोदीत जहाजांची इंजिने दुरुस्त करत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या शिलकीतून एका परदेशी कंपनीचे शेअर घेतले. त्याच कंपनीची इंजिने त्यांनी जन्मभर उघडली होती. आतून पाहिलेल्या इंजिनावर भरवसा ठेवायला हरकत नाही, असे ते म्हणत. पण शेअर विकले जात त्या देशातल्या बाजारात, आणि तो बाजार आपल्या सोयीने थोडाच चालणार? आपल्याकडे दूधवाला फाटकाशी येतो तेव्हा तो उघडतो आणि आपली पाने मांडली जाण्याआधी बंदही होतो. आपल्या सुटीच्या दिवशी तो चालू असतो आणि आपण कामाला लागावे तर त्याचे दार लावलेले असते. हे सगळे डोक्यात ठेवण्यापेक्षा डोळ्यांसमोर असावे म्हणून आप्पांनी मला आणले.

आई, म्हणजे आप्पांच्या पत्नी, त्यांना म्हणायच्या, “घरात दोन दोन घड्याळं, आणि माणूस एकाही घड्याळाप्रमाणे जेवायला येत नाही.”

आणखी एक गोष्ट आहे. त्या देशात वर्षातून दोनदा सगळी घड्याळे हलवतात. उन्हाळा आला की तासभर पुढे, सरला की तासभर मागे. आपल्याकडे तसे काही नाही. मग त्यांचा बाजार आपल्या हिशेबाने कधी तासभर आधी बंद होतो, कधी तासभर उशिरा. तो रविवार आला की आप्पा स्टुलावर चढत, मला उतरवत, काच पुसत, पाठीवरची चक्री फिरवत आणि पुन्हा टांगत. घरात कोणालाही ह्याचा पत्ता नसे. सगळ्यांना वाटे, आप्पा घड्याळ पुसताहेत!

मग आप्पांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणे गेले. जिभेवर शब्द येई, पण ओठांपर्यंत पोहोचत नसे. त्यांची खाट माझ्यासमोर, खिडकीशी लावली. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिनेच महत्त्वाचे, आत्ता शिकवले तर बोलतील. गावाबाहेर असे शिकवणारे एक केंद्र होते. तिथे एकच जागा रिकामी झाली होती. आप्पांची मुलगी, ताई, तिथे खेटे घालत होती. केंद्राचे पैसे आप्पांचे शेअर विकूनच भरता येणार होते. एका गुरुवारी सकाळी केंद्राच्या बाईंनी सांगितले, शेअर विकल्याचा कागद आज संध्याकाळपर्यंत दाखवा, जागा तुमची. नाहीतर रांगेत पुढचा माणूस उभा आहे.

आता चित्त इकडे द्या, मित्रांनो. त्याआधीच्याच रविवारी त्या देशात घड्याळे पुढे झाली होती. मला मात्र कोणी हात लावला नव्हता. तेव्हापासून आप्पा डावा हात उचलून माझ्याकडे बोट दाखवत, मग ते एकच बोट हवेत गोल फिरवत. आईंनी एक चमचा पाणी जास्त पाजले. ताईने पडदा ओढला, तिला वाटले डोळ्यांवर ऊन येते आहे. शेवटी आईंनी विचारले, “हे टिकटिकणं नको झालंय का? काढून ठेवू?” आप्पांनी नाही म्हणून मान जोरात हलवली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. आजारात माणूस हळवा होतो, असे म्हणत आईंनी पदराने ते पुसले.

मी भिंतीवरून हे सगळे पाहत होतो. मला कळत होते आणि सांगता येत नव्हते. त्यांचेही तसेच होते. एका खोलीत आम्ही दोघे मुके!

त्या गुरुवारी ताई केंद्रातून धापा टाकत घरी आली आणि तिने वर पाहिले. माझ्या काट्यांप्रमाणे बाजार बंद व्हायला अजून दीड तास होता. मोबाइलवरही परदेशातली वेळ दिसते, पण इतकी वर्षे ती मलाच पाहत आली होती. तिने निवांत तोंड धुतले, आप्पांना पेज भरवली आणि मग दलालाच्या कार्यालयात फोन लावला.

“ताई, बाजार बंद झाला हो,” तिथला कारकून म्हणाला.

“असं कसं? अजून तासभर आहे की.”

“त्यांनी रविवारी घड्याळं पुढं केली. दरवर्षी करतात. आप्पा तर आम्हालाच आठवण करून द्यायचे.”

ताईने लगेच केंद्राच्या बाईंना फोन केला. हातापाया पडली. बाई भल्या होत्या. उद्या दुपारपर्यंत थांबते, म्हणाल्या. उद्या सकाळीच विका, असे सांगायला ताईने पुन्हा कारकुनाला फोन लावला.

“उद्या त्यांची सुटी आहे, ताई. मग शनिवार, रविवार. आता सोमवारीच.”

सोमवारपर्यंत ती जागा दुसऱ्याची झाली होती.

त्या गुरुवारी फोन खाली ठेवून ताई खाटेशी आली. मग तिने आप्पांकडे पाहिले. त्यांचे बोट अजून माझ्याकडेच होते, थकलेले. तिने एकदा बोटाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. स्टुलावर चढून तिने मला काढले आणि त्यांच्या छातीवर ठेवले. माझी चक्री डाव्या हाताने फिरवणे त्यांना जमत नव्हते. दोनदा हात घसरला. ताईने मला घट्ट धरले आणि एवढेच म्हणाली, “तुम्हीच करा, आप्पा. मी थांबते.” मोठा काटा एक फेरी फिरून जागेवर आला, तेव्हा आईंना हुंदका फुटला.

शेअर पुढे विकले गेले, पण दुसरी जागा अजून मिळालेली नाही. महिने मात्र सरत चालले आहेत. रोज सकाळी ताई त्यांच्या खाटेशी बसून एकेक अक्षर म्हणून घेते. काही दिवशी आवाज फुटतो, काही दिवशी नाही.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका. माझ्यासाठी मागणे नाही. पण तुमच्या घरात कोणी बोलू शकत नसेल आणि त्याने बोट उचलले, तर उत्तर आपल्या मनाने भरू नका. त्याच्या उशाशी बसा. ते बोट जिथे जाते, तिथे उठून जा आणि नीट पाहा.