सीमाताईंच्या ओव्हनमधले रोडगे

शाळेच्या फाटकावर दोन देशांचे झेंडे रंगवले होते. डेन्मार्कमधली एक शाळा आणि अमरावतीची ही इंग्रजी शाळा, दोघींनी मिळून उपक्रम काढला: मुलांनी आपापल्या घरचा स्वयंपाक एकमेकांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. संस्कृती कळावी म्हणून. नववीतली पाच पोरं मे महिन्यात डेन्मार्कला जाणार होती. तिवशाकडच्या खेड्यातून रोज एसटीनं येणाऱ्या दामिनीला त्या पाचांत यायचं होतं. वर्गात तिच्यासारखं इंग्रजी कोणाचं नव्हतं, म्हणून पहिला कॉल तिच्या घरून.

तिच्या आईनं, दुर्गाबाईनं, अंगणात गवऱ्यांचा जगरा पेटवला आणि निखारे पडल्यावर त्यात कणकेचे जाड गोळे, रोडगे, भाजायला पुरले. दामिनीनं फोन धरला होता. फ्रेया नावाच्या तिकडच्या पोरीनं विचारलं, हे जळतंय ते काय?

"गाईचं शेण, वाळवलेलं," दामिनीनं सांगितलं.

तिकडची पोरं नीट दिसावं म्हणून खुर्च्या पुढे ओढायला लागली. इकडे आईची ओळख व्हायच्या आतच, शाळेतून कॉलवर असलेल्या प्रिन्सिपल मॅडमनी कॉल तोडला आणि नेटवर्क गेलं असं कळवून टाकलं. नेटवर्कला काही धाड भरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं.

"शेण कशाला सांगितलंस?"

"मॅडम, शेणच होतं."

"आपण काय दिसलो त्यांच्यापुढे? आता दोन आठवड्यांनी परत करू. संस्थेच्या अध्यक्षांच्या मिसेस, सीमाताई, त्यांच्या किचनमध्ये. ओव्हन आहे. तू फक्त त्यांना 'माय मदर' म्हण." मॅडम थांबल्या. "पाच जणांची यादी मलाच द्यायची आहे, दामिनी."

घरी दामिनीनं हे खाली मान घालून सांगितलं. दुर्गाबाई हसली.

"ओव्हनमंधी? रोडगे नाई, बिस्किटं होतीन थे."

"आई, मी काय करू?"

"म्हण ना मंग. दोन शब्दानं माह्यं काय झडून राहिलं? तुले जा लागते ना तिकडं?" मग जरा वेळानं, "पन त्या बाईले रोडगे वळता येते का?"

येत नव्हते. म्हणून दुर्गाबाईलाच बोलावलं. बंगल्याच्या चौकीदारानं "नवी मेड का?" विचारून आत सोडलं. तिनं कणीक मळली, रोडगे वळले, ट्रे भरला आणि सांगितलं तशी फ्रिजच्या आडोशाला जाऊन उभी राहिली, पिठाचे हात तसेच. कॉल लागला. सीमाताईंनी पैठणी सावरत ट्रे आत सरकवला.

"माय मदर," दामिनी म्हणाली. अडखळली नाही.

सगळं छान चाललं होतं. शेवटी फ्रेयानं विचारलं, मागच्या वेळी आगीजवळ बसली होती ती बाई कोण? आम्हाला ती फार आवडली.

मॅडमचा चेहरा उतरला. सीमाताई ओव्हनकडे बघायला लागल्या.

"अवर मेड," दामिनी म्हणाली.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, असं मॅडम नंतर सगळ्यांना सांगत फिरल्या. शिकवलं नव्हतं? मग दोन आठवडे दुसरं काय शिकवत होत्या?

दुर्गाबाई सातवी शिकलेली. इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढा शब्द तिला त्या दिवशी बंगल्याच्या फाटकावरच कळला होता. एसटीत ती खिडकीशी बसली. दामिनी शेजारी. मोझरी मागे पडली.

"उद्याचा डबा तूच करजो," ती मग म्हणाली. "कामवाली सुट्टीवर हाय."

मागच्या सीटवरची बाई खुदकन हसली. दुर्गाबाई हसली नाही, आणि सकाळी डबा तिनंच केला.

आठवड्यानं यादी लागली. दामिनीचं नाव पहिलं. संमतीचा फॉर्म तिनं आईपुढे ठेवला. सगळा इंग्रजी. सही कुठे करायची ते तिनं बोटानं दाखवलं आणि दुर्गाबाईनं सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

"अन् हे खाली मोकळं कायचं हाय?"

"सही करणाऱ्याचं मुलीशी नातं," दामिनी म्हणाली.

दुर्गाबाईनं पेनचं टोपण लावलं आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला.

"थे तू भर, बाई. तुले इंग्रजी येते."