दोन मजल्यांची करंडी

उचला मला! बोलता बोलता उचला, पण एका जागी ठेवू नका. शेतावरची भाजी घरोघरी नेणारी वेताची करंडी आहे मी. विणून झाले त्याच दिवशी शेतवाल्या बाईंच्या हाती पडले आणि तेव्हापासून बुडाला स्वस्थता म्हणून नाही.

बाईंची रीत सरळ आहे. हंगामाच्या सुरुवातीला पैसे भरून वाटा धरायचा आणि मग दर बुधवारी शेत देईल ते मुकाट्यानं घ्यायचं. माझ्या नशिबी दोन जावा आल्या. थोरली वरच्या मजल्यावर राहते, इस्पितळात नर्स आहे. धाकटी खालच्या मजल्यावर कपडे शिवते. वर्षापूर्वी कशावरून तरी दोघींचं वाजलं आणि एकाच्या दोन चुली झाल्या. कारण आता दोघींनाही धड आठवत नसेल, पण अबोला मात्र नेमानं पाळतात.

अर्धा वाटा बाई देत नाहीत, म्हणून तेवढा एक सामायिक राहिला. थोरलीनं दोन भाग करायचे, धाकटीनं हवा तो आधी उचलायचा, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. जिन्यात खाली-वर करायची मी! माझ्याखेरीज त्या दोन घरांत काही ये-जा उरली नव्हती. मी बंद झाले तर काय, या धास्तीनं माझा जीव सतत टांगणीला.

गेल्या बुधवारी माझ्यातून एक अनोळखी जुडी आली. रुंद, काळपट हिरवी पानं आणि बोटाएवढे जाड लाल देठ. थोरलीनं वास घेतला, नाक मुरडलं. एरवी ती काड्या मोजून निम्म्या करते. त्या दिवशी सकाळपाळीची घाई होती. तिनं सुरी घेतली आणि जुडी मधोमध आडवी कापली. एकीकडे नुसती पानं, दुसरीकडे नुसते देठ. मी ओरडले असते, पण वेताला तोंड कुठलं?

धाकटीनं देठ उचलले.

वर पानं कडूजहर झाली. "भाजी आहे की औषध?" थोरलीच्या नवऱ्यानं विचारलं. खाली देठ इतके आंबट, की धाकटीच्या मुलीनं एक डोळा मिटूनच घास गिळला. थोरली आठवडाभर धुमसत राहिली. "चांगलं ते तिनं नेलं, मला पाला ठेवला!" आज सकाळी तिनं माझ्यात बाईंसाठी चिठ्ठी टाकली, 'वाटा बंद करावा', आणि मला जिन्याखाली ठेवलं.

धाकटीनं ती वाचली. मला काखोटीला मारून वर्षात पहिल्यांदा जिना चढली.

"ताई, बंद करायचं तर करा. पण देठ मी हावरेपणानं नाही नेले. तुमची दाढ दुखते, म्हणून कडक ते मी घेतलं."

"तुला कुणी सांगितलं दाढेचं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? हल्ली मुलांना रागावता ते एका गालानं. जिनाभर ऐकू येतं."

थोरलीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

तेवढ्यात बाई आल्या. हातात पुन्हा तसलीच जुडी! आडव्या कापाची हकिकत ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, देठ आंबट, पानं कडू. दोन्ही एकाच भांड्यात जायला हवीत. आधी देठ मऊ होऊ द्या, मग पानं घाला. परतताना रिकामी करंडी नेते."

थोरलीनं जुडी धाकटीकडे सरकवली. "अख्खी तूच ने," ती म्हणाली. "दुपारी येते जेवायला. बघते."

चिठ्ठीचं कुणी नाव काढलं नाही. धाकटीनं ती घडी करून माझ्यातच ठेवली.

आता दुपार झाली. मी खालच्या उंबऱ्यापाशी आहे. आत भाजी केव्हाच शिजली. धाकटीनं दोनदा ताटं मांडली, एकदा उचलली. कोपऱ्यावर बाईंच्या गाडीचा भोंगा वाजतोय, आणि चिठ्ठी अजून माझ्यातच आहे. वरचं दार उघडलं, दोन पायऱ्या चपला वाजल्या, आणि थांबल्या.

ताई, उतरा हो. देठ अगदी मऊ झालेत.