एक्केचाळिसावं झाड

वनखात्याच्या गार्डाला खाकी कपडे मिळतात, एक शिट्टी मिळते आणि सायकलचा भत्ता मिळतो. व्यंकटीला यातल्या कशाचंच अप्रूप नव्हतं. त्याला गाव हवं होतं. लातूर नवा जिल्हा झाला, उस्मानाबादेतली कपाटं आणि माणसं इकडं वाटली गेली, निलंग्याकडच्या जागा भरायच्या निघाल्या, तेव्हा त्यानं एकामागून एक तीन अर्ज टाकले. लोक अशी आडरानातली बदली टाळायला साहेबाचे पाय धरतात, आणि हा गडी ती मागून घेत होता. कारकून हसून म्हणाला, "लई माया दिसते गावावर!"

"हाव," व्यंकटी म्हणाला. "धा वर्सं जपून ठेवलीय."

गावाबाहेर महादेवाचं चिंचबन होतं. निजामाच्याही आधीचं, कुणी लावलं ते कुणालाच ठाऊक नाही. एकेका खोडाला कवेत घ्यायला चार माणसं लागत. मधोमध पायऱ्यांची बारव, तिच्या काठावर देऊळ. इथली वाळकी काडीसुद्धा कुणी मोडायची नाही, झाड आपणहून पडलं तर पडल्या जागी कुजू द्यायचं, असा रिवाज. एवढ्याशा तुकड्याला आता सरकार राखीव वन करणार होतं. त्याआधी झाडं मोजून खोडांवर आकडे टाकायचे होते, आणि ते काम नव्या गार्डाच्या अंगावर आलं. अंगावर कसलं, त्यानं ते ओढून घेतलं होतं.

"माय, चिंचबन बघाया चल," तो म्हणाला.

पारूबाई मुरुडला भावाच्या आधारानं राहत होती. गाव सोडल्यापासून तिनं त्या दिशेला तोंड केलं नव्हतं. ती उठली, लुगडं बदललं आणि फिरकीचा तांब्या पाण्यानं काठोकाठ भरून झाकण घट्ट पिळलं.

"तिथं बारव हाय की," व्यंकटी म्हणाला.

"ठावं हाय मला," माय म्हणाली.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरी खडखडीत झाल्या तेव्हा त्या बारवेतच तेवढं पाणी उरलं होतं. सारं गाव दिवसभर सडकेवर खडी फोडायला जायचं. अशाच एका दुपारी बनातलं एक झाड तुटलं. बुंध्यापाशी कुऱ्हाड सापडली ती साहेबरावची, म्हणजे व्यंकटीच्या बापाची. आदल्या दिवशी तेलाचा घाणेवाला मल्लिकार्जुनअप्पा ती मागून घेऊन गेला होता, पण हे सांगायचं कुणाला? अप्पा देवस्थानचा पंच. तालुक्यात ज्वारी मिळेनाशी झाली होती, आणि गावात होती ती त्याच्या दुकानात. पंचांनी साहेबरावला देवळापुढं उभं केलं आणि म्हणाले, "खरा असशील तर बेलभंडार उचल."

ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ठेवतात. तो उचलून जे बोलायचं ते खरं, खोटं बोलणाऱ्याचा निर्वंश होतो, असं गाव मानायचं. साहेबरावनं छप्पन्न साली नागपूरला जाऊन बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. तो म्हणाला, "या देवाची आण आता मी घेणार न्हाई. माझा शब्द घ्या."

शब्द कोण घेतो? देवस्थानच्या रजिस्टरात चोर म्हणून त्याचा अंगठा घेतला आणि त्याच्या घराला बारव बंद केली. दिवसभर खडी फोडायची आणि मग दोन कोसांवरून पाणी आणायचं. वैशाखातल्या एका दिवशी घराजवळ आल्यावर साहेबरावनं डोक्यावरची घागर हळूच खाली ठेवली, पाणी सांडू दिलं नाही, आणि तिच्याशेजारी आडवा झाला. पुन्हा उठला नाही. व्यंकटी तेव्हा चौदा वर्षांचा. कितीतरी दिवस त्याला बापाचाच राग यायचा. एक पानच तर उचलायचं होतं! मग वय वाढत गेलं तसा तो राग बापावरून निघाला आणि जिथं जायला पाहिजे होता तिथं जाऊन बसला.

नवा गार्ड मोजणीला येणार म्हणून सारं गाव बनात जमलं होतं. फाल्गुनाचं ऊन, झाडांखाली गाभुळलेल्या चिंचांचा सडा. मल्लिकार्जुनअप्पा झेंडूचा हार घेऊन पुढं आला. "या गार्डसाहेब, या!" तेवढ्यात मागं उभी असलेली पारूबाई त्याला दिसली. हार हातातच राहिला. शेवटी त्यानं तो ग्यानोबा गुरवाकडं दिला, आणि ग्यानोबानं जवळच्या चिंचेच्या फांदीवर टाकला.

व्यंकटी गेरूचा डबा आणि देवस्थानचं जुनं रजिस्टर घेऊन निघाला. एक, दोन, तीन. मुद्दाम सावकाश चालला. गाव मागं मागं. चाळिसावा आकडा काढून तो एका तुटक्या बुंध्यापाशी थांबला. कुऱ्हाडीचे घाव अजून मोजता येत होते.

"जुन्या रजिस्टरला एक्केचाळीस झाडं हायत," तो मोठ्यानं म्हणाला. "एक कुणी तोडलं?"

"आता ते कामून काढतोस?" अप्पा म्हणाला. 'साहेब' गळून पडला होता. "पंचनामा त्यातच लिवलाय, वाच. तुझ्या बापाला हितंच बेलभंडार उचल म्हणलं होतं. उचलला का त्यानं?"

"न्हाई उचलला."

"मग! खरा असता तर उचलला असता."

"अप्पा, तुमी उचलला होता का?"

अप्पानं इकडंतिकडं पाहिलं. दहा वर्षांत हे त्याला कुणीही विचारलं नव्हतं. "मला कुणी म्हणलंच न्हाई."

"आता मी म्हणतो. ग्यानोबा, ताट आणा."

ग्यानोबानं देवळातून ताट आणून अप्पापुढं धरलं. अप्पा माणसांशी काय काय खोटं बोलला असेल ते असो, पण रोज पूजा केल्याशिवाय त्यानं कधी पाणी तोंडात घेतलं नव्हतं. हात पुढं आला. पानाच्या वर वीतभर थांबला. मग मागं फिरला आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर जाऊन बसला.

"मला उचलवत न्हाई," अप्पा म्हणाला. "घाण्याला लाकूड पायजे होतं."

व्यंकटीच्या छातीत काहीतरी गरम गरम पसरलं. याच एका वाक्यासाठी त्यानं तीन अर्ज केले होते. अप्पाचा पडलेला चेहरा त्यानं डोळे भरून पाहून घेतला, आणि त्याची त्याला काडीचीही लाज वाटली नाही.

गाव लगेच पेटलं. "अप्पा, तुमी? देवाच्या बनात?" सगळ्यांत मोठा आवाज सरपंच माणिकप्पाचा. "आसल्या माणसाला गावात ठेवू नये! आमाला काय ठावं, बाबा..."

"ग्यानोबा," पारूबाई पहिल्यांदाच बोलली. "ते ताट माणिकप्पापुढं धरा."

ग्यानोबा ताट घेऊन वळला.

"त्या सांजेला तुमी समदे कामावरून येत हुता. खोडाची गाडी वेशीतून आली. बैलांच्या तोंडाला फेस आला हुता. तुमी बाजूला सरून वाट दिली. म्या माज्या डोळ्यानं पायलं. ज्यानं गाडी पायली न्हाई, त्यानं उचलावा."

ताट माणिकप्पापुढं आलं. त्यानं डोकं खाजवलं, मग जमिनीवरच्या चिंचा बघू लागला. ताट पुढं सरकलं. कुणी पटका सारखा केला, कुणाला एकाएकी खोकला आला. बाया पदर ओढून मागं सरल्या. ताट सगळ्या गावापुढून फिरलं आणि पान जिथल्या तिथं राहिलं. शेवटी ते ग्यानोबाच्याच हातात उरलं. पारूबाई त्याच्याकडं बघत राहिली. ग्यानोबानं ताट बुंध्यावर ठेवलं आणि तोही रांगेत जाऊन उभा राहिला.

व्यंकटी एकट्या अप्पासाठी आला होता. मायनं सारं गाव सोबत घेतलं. तिचा हिशेब दहा वर्षं पक्का होता, आणि हे आपल्याला कधी सुचलंच नाही, असं त्याला वाटलं.

त्यानं बुंध्यावर गेरूनं ४१ काढलं. रजिस्टर उघडून बापाच्या नावावर लाल रेघ मारली. "काय लिवू, माय?"

"झाड अप्पानं तोडलं, आन् समद्या गावानं पायलं. समद्यांच्या सह्या घे."

"व्यंकट्या, म्हातारा झालो रे मी..." अप्पानं हात जोडले.

"माझा बा न्हाई झाला," व्यंकटी म्हणाला आणि शाईची गादी त्याच्यापुढं सरकवली. अप्पा सही करू शकत होता. पण बापाचा घेतला होता म्हणून व्यंकटीनं अंगठाच घेतला. मग माणिकप्पाचा, मग एकेकाचा.

सगळं उरकलं तेव्हा ऊन कलायला आलं होतं. अप्पाची बायको गुरम्मा बारवेत उतरली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. तिचे डोळे ओले होते. "पारू, पानी घे बाई."

पारूबाईनं तांब्या घेतला. गाव बघत होतं. ती चाळिसाव्या झाडाच्या मुळीवर बसली आणि ते पाणी सावकाश आपल्या पायांवर ओतलं, आधी एका, मग दुसऱ्या. बोटांतली माती चोळून काढली. रिकामा तांब्या गुरम्माच्या हातात दिला.

"प्यायाचं बहात्तरला पायजे हुतं," ती म्हणाली.

मग तिनं फिरकीचं झाकण काढलं आणि मुरुडहून आणलेलं पाणी सगळ्यांदेखत घोट घोट पीत बसली.